संकेतस्थळाची अभ्यागत-गणना : साधनाची निवड

संकेतस्थळास किती भेटी झाल्या, यापेक्षा नागरिक कोणती माहिती शोधत आले आणि ती त्यांना मिळाली काय, हे जाणणे अधिक अगत्याचे आहे. एक पान उघडताना चित्रांसह अनेक फायली मागविल्या जातात. म्हणून ‘हिट्स’चा आकडा म्हणजे वाचकसंख्या नव्हे.

गणनेच्या पद्धती मुख्यतः दोन. ‘गोअ‍ॅक्सेस’सारखे साधन सर्व्हरवरील नोंदी वाचते, मात्र त्यांत यंत्रचलित भेटीही मिसळलेल्या असतात. दुसऱ्या पद्धतीत पानात घातलेली आज्ञावली वाचकाच्या ब्राउझरमधून नोंद पाठविते. ती रोखणारे वाचक गणनेतून सुटतात.

२००५ साली सुरू झालेले ‘गूगल अ‍ॅनालिटिक्स’ या दुसऱ्या प्रकारचे. ते विनामूल्य मिळते. परंतु नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर राहतात. जुलै २०२३ मध्ये त्याच्या जुन्या आवृत्तीत नव्या नोंदी घेणे थांबले व पुढील वर्षी जुने अहवालही बंद झाले. ‘मॅटोमो’ हे मुक्तस्रोत साधन स्वतःच्या सर्व्हरवर बसविता येते. देखभालीचा भार मात्र कार्यालयावर पडतो.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ लक्षात घेता गरजेपुरतीच माहिती घेणारे साधन निवडावे आणि अहवाल दरमहा आपल्या दप्तरी जतन करावेत, हे इष्ट होय.