रस्त्यावरचा दुबळा शेजारी

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. कारखान्याची पाळी सुटली की रस्ते सायकलींनी भरून जात. आता तीच सायकल आपल्या गाडीपुढे आली की हात आपोआप हॉर्नवर जातो. कामावर पोहोचायला उशीर झालेला असतो, सिग्नल दोनदा हुकलेला असतो, साहेबांचा फोन येऊन गेलेला असतो. हा सगळा राग आपण कोणावर काढतो? बसवर नाही, ट्रकवर तर नाहीच. सायकलवाल्यावर काढतो.

खरे पाहता आपला वेळ सायकलने खाल्लेला नसतो. कोंडी होते ती आपल्यासारख्याच गाड्यांमुळे, आणि त्यातल्या कित्येक गाड्यांत एकटाच माणूस बसलेला असतो. पण सायकल डोळ्यांसमोर असते, हळू चालते आणि तिच्यावर बसलेला माणूस बहुधा उलट बोलत नाही. (हेल्मेट घातलेल्या, महागड्या सायकलवरच्या हौशी स्वाराला आपण थोडी तरी वाट देतो. डबा अडकवून निघालेल्या वॉचमनला देत नाही. याचाही विचार व्हावा.)

'हे लोक सरळ चालवत नाहीत, मध्येच आत येतात,' अशी आपली तक्रार असते. जरा त्यांच्या बाजूने रस्ता पाहू या. डाव्या कडेला गटाराची जाळी, सांडलेली खडी, डांबराची तुटलेली कड, थांब्याकडे वळणारी बस आणि ओळीने उभ्या असलेल्या मोटारी. त्यांतल्या कोणत्या मोटारीचे दार कधी उघडेल याचा नेम नाही. सायकलचे चाक अरुंद असते. ते जाळीत अडकले की माणूस तोंडावर आपटतो. म्हणून तो कडेपासून हात-दोन हात आत चालवतो. २००६ साली बीआरटीबरोबर पुण्यात सायकलमार्ग आखले गेले, २०१७ साली महापालिकेने सायकल आराखडाही मंजूर केला. परंतु सायकलमार्गावर मध्येच झाड, खांब किंवा उभी केलेली दुचाकी आडवी आली, की सायकलस्वाराला मुख्य रस्त्यावर उतरावे लागते आणि वर आपले बोल ऐकून घ्यावे लागतात.

ख्रिस्तसभेने या विषयाचा विचार केलेला आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. व्हॅटिकनमध्ये स्थलांतरित व प्रवासी लोकांसाठी तेव्हा एक परिषद होती. तिने जून २००७ मध्ये रस्त्यावरील पाळकीय सेवेविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. एरवी सभ्य असलेला माणूस स्टिअरिंग हाती येताच शिव्या देतो, हातवारे करतो, आपली सत्ता गाजवू पाहतो, याची त्यात स्पष्ट दखल घेतली आहे. त्याच सूचनांत वाहनचालकांसाठी दहा आज्ञा आहेत. पहिली अर्थातच हत्या न करण्याची. मोटार हे सत्तेचे प्रदर्शन आणि पापाचे निमित्त होऊ नये, असे पाचवी सांगते. रस्त्यावर जो अधिक असुरक्षित असेल त्याचे रक्षण करावे, असे नववी सांगते.

आपल्या देशाचा कायदाही यापेक्षा वेगळे सांगत नाही. पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि अपंग यांची विशेष काळजी घेणे हे चालकाचे कर्तव्य आहे, असे २०१७ च्या वाहन चालविण्याच्या नियमावलीत म्हटले आहे. यामागे साधे गणित आहे. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. लहान मोटारीचे वजनही सात-आठशे किलोच्या पुढे असते, सायकलचे पंधरा-वीस किलो. चूक दोघांचीही असू शकते, मार मात्र एकालाच बसतो.

म्हणून सायकलस्वाराला सगळे माफ आहे असे नाही. उलट दिशेने येणे, सिग्नल तोडणे, अंधारात दिव्याशिवाय चालवणे यामुळे त्याचा स्वतःचाच जीव धोक्यात येतो. आपल्या मुलांच्या सायकलला मागे लाल रिफ्लेक्टर आहे का, हे आजच पाहावे.

मोटार चालवणाऱ्यांनी दोन सवयी लावून घ्याव्यात. चालकाने आपल्या बाजूचे दार डाव्या हाताने उघडावे. तसे केल्याने अंग आपसूक वळते आणि मागून येणारी सायकल दिसते. डावीकडे बसणाऱ्याने उजव्या हाताने उघडावे. दुसरी सवय अंतराची. शहरात सायकलला ओलांडताना दीड मीटर जागा सोडावी, असा नियम जर्मनीने २०२० साली केला. आपल्याकडच्या रस्त्यांवर तेवढी जागा क्वचितच मिळते. ती नसेल तर मागे राहावे. पुढच्या सिग्नलला तो सायकलवाला तसाही आपल्या शेजारी येऊन उभा राहतो.

रविवारी मिस्साच्या वेळी चर्चसमोरच्या रस्त्याची कड आपल्याच गाड्यांनी भरलेली असते. नेमके तेव्हाच रात्रपाळी संपवून वॉचमन सायकलने घरी निघालेले असतात, पेपर टाकणारी मुलेही फिरत असतात. लघु ख्रिस्ती समूहाच्या पुढच्या बैठकीत यावर बोलावे. आवारात किती गाड्या मावतात? चालत येण्याजोग्या अंतरावरून आपण किती जण मोटारीने येतो? आणि मिस्सा सुटल्यावर गाड्या बाहेर पडत असताना फाटकाशी दहा मिनिटे कोण उभे राहील?