नाण्यावरची उलटी सावली
(इयत्ता चौथी)

भोरच्या बाजारात सुटे पैसे मिळाले की आपण फक्त आकडा बघतो आणि नाणे खिशात टाकतो. पण एखाद्या नाण्यावर दुसऱ्या बाजूच्या चित्राची पुसट रेघ दिसते. काही माणसे म्हणतात, हे नाणे खोटे. पण तसे नाही. का, ते पाहू.

नाणी टांकसाळीत तयार होतात. आपल्या देशात मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथे टांकसाळी आहेत. तिथे धातूच्या कोऱ्या चकत्या कापतात. यंत्रात दोन पोलादी ठसे असतात. एकावर सिंह उलटे कोरलेले, दुसऱ्यावर आकडा उलटा कोरलेला. मध्ये चकती येते, ठसे जोरात दाबतात आणि दोन्ही बाजूंना सुलट छाप उठतो.

कधी कधी मध्ये चकती येतच नाही. मग काय होतं? ठसे एकमेकांवरच आदळतात. एकाच्या चित्राची कड दुसऱ्यावर उमटते. मग तो ठसा साफ करेपर्यंत किंवा बदलेपर्यंत पुढच्या नाण्यांवर ती रेघ येत राहते.

करून पहा : पातळ कागदावर 'क' काढा आणि मागच्या बाजूने उजेडात धरा. 'क' उलटा दिसेल. नाण्यावरची ही सावलीसुद्धा अशीच उलटी दिसते. वेडीवाकडी रेघ असली, तर तो नुसता ओरखडा समजा.

शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली रायगडावर झाला. त्यांच्या तांब्याच्या शिवराईवर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरे असतात. ती नाणी हाताने ठोकत. म्हणून पुष्कळ शिवरायांवर अक्षरे अर्धीच दिसतात. तरी ती खरीच!

आमच्या आळीतल्या एका आजीचे दहाचे नाणे दुकानात घेतले नाही. 'वेगळे दिसते' म्हणाले. आजी मीठ न घेता घरी आली. पण रिझर्व्ह बँकेने २०१८ साली सांगितले आहे, की तोपर्यंत दहाची १४ प्रकारची नाणी निघाली होती आणि ती सगळी चालतात.

आई-बाबांनो, आणखी एक. 'जुन्या नाण्याचे लाख रुपये देतो, आधी फी भरा' असा कोणाचा फोन आला तर पैसे भरू नका. रिझर्व्ह बँकेचे नाव सांगून असे फसवतात. बँक अशी फी घेत नाही, हे तिने २०२१ साली कळवले आहे.

नाणे नीट बघा, मगच खरे-खोटे म्हणा.