कुठे झोपलास?

सिन्नर,
गुरुवार, रात्री

चि. बाळू यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तू दोनदा फोन कापलास, म्हणून लिहायला बसले. पत्र तरी शेवटपर्यंत वाचशील. दूधवाल्यांचा मुलगा उद्या अकादमीत परत येतोय, त्याच्या हाती देते. पोरांच्या घोळक्यात फोडू नकोस, खोलीवर जाऊन वाच.

काल गिरणीत दळण घ्यायला गेले होते. तिथे कानावर आलं, की बाळू पोलीस भरतीचं मैदान बघायला मुंबईला गेला तो टमाट्याच्या पिकअपमध्ये, क्रेटवर बसून. गोंद्यापासून समृद्धीवर चढले आणि पहाटे वाशीला उतरले. दुसऱ्या रात्री तिघंजण दादरच्या पुलाखाली कागद अंथरून झोपले. पीठ गरम होतं, तसाच डबा डोक्यावर घेऊन घरी आले आणि ओट्यावर बसून राहिले. मला तर तू सांगितलं होतंस, मित्राच्या मामाकडे घाटकोपरला उतरलो म्हणून. तुझ्या आईला अजून काही बोलले नाही. आधी तूच मला सांग, खरं काय? कुठे झोपलास?

पैसे वाचवलेस म्हणून मी रागावलेले नाही. आपल्या घरात पैसा कसा येतो हे तुला सांगायला नको. टेंभुर्णीची पानं कापून कापून तुझ्या आजीची बोटं कशी झाली होती ते तू पाहिलंयस. हजार विड्या पुऱ्या करायच्या, कारखान्यात नेऊन टाकायच्या, त्यातल्या छाटात गेल्या की तेवढी मजुरी बुडाली. त्या घरातलं पोर एसटीचं तिकीट वाचवतं याचं मला काय नवल? पण पिकअपच्या हौद्यात, रात्रीचं? तो रस्ता तू दिवसाही बघतोस. नागपूरपासून ७०१ किलोमीटर सरळ, ना वळण ना गाव. गाडी हाकणाऱ्याची पापणी जड व्हायला किती वेळ लागतो? पुढे बसलेल्याला निदान पट्टा असतो. क्रेटवर बसलेल्याला काय असतं, बाळू? इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ ला सुरू झाला, तेव्हा तुझे अण्णा म्हणाले होते, आता कसारा घाटाची भीती गेली. माझी नाही गेली. तिने फक्त रस्ता बदलला.

आणि झोप. पुन्हा तिथेच येते मी. तूच मला शिकवलंस, १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारले तर २० पैकी २०, मग १०० मीटरला १५ आणि गोळ्याला १५. वर्षभर पहाटे चारला उठून पळतोयस ते त्या काही सेकंदांसाठी. आणि ऐन आदल्या रात्री डासांत, हॉर्नच्या आवाजात, चपला उशाला घेऊन जागा राहणार? तिकिटाचे पैसे वाचवून वर्षाची मेहनत पुलाखाली टाकून येणार? २०२३ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या भरतीत पळून आल्यावर पोरं कोसळली, गेली. तुझ्याएवढीच होती. कुठून कुठून आलेली, फुटपाथवर रात्र काढणारी पोरं तेव्हा टीव्हीवर दाखवत होते. मी बातम्या बंद केल्या होत्या. काल पुन्हा सगळं डोळ्यांपुढे आलं.

आता जे लिहिते ते अण्णांना विचारू नकोस. ते आजवर कुणाला बोललेले नाहीत आणि माझ्या पुढ्यात तर कधीच नाही.

१९८९ साली तुझे अण्णाही पोलीस भरतीला गेले होते. हो, तुझेच अण्णा. तू समजतोस त्यांना पहिल्यापासून मुसळगावच्या कारखान्यातच जायचं होतं. तसं नव्हतं. गोंदेश्वराच्या कोटाला पहाटे फेऱ्या मारायचे, अनवाणी, आणि देवळाच्या पायरीवर बसून मी मोजायची. जायच्या आदल्या दिवशी माझ्याजवळ आले. म्हणाले, आक्का, वीस रुपये असतील का? माझ्याकडे साठ होते. कोनाड्यात, गुळाच्या रिकाम्या डब्यात. मी नाही म्हणाले. मला मनगटी घड्याळ घ्यायचं होतं. कारखान्यात विड्या द्यायला उशीर झाला की परत पाठवायचे, आणि आमच्या आळीत वेळ सांगणारं कुणी नव्हतं. म्हणजे कारण काही अगदीच वाईट नव्हतं. पण डबा माझ्या पाठीमागे होता आणि मी नाही म्हणाले.

ते कांद्याच्या ट्रकवर गेले. गोण्यांवर झोपून, ताडपत्री धरून, कसारा घाटातून. ट्रक वाशीच्या मार्केटला उतरला. तेव्हा वाशीपर्यंत लोकलही नव्हती, ती १९९२ ला आली. तिथून दादरकडे जायला बस मिळेपर्यंत अर्धी रात्र रस्त्याच्या कडेला काढली. सकाळी मैदानात उतरले आणि दुसऱ्या फेरीला पोटरीत गोळा आला. चौथ्या दिवशी घरी आले ते काही न बोलता विहिरीवर जाऊन अंघोळ करत राहिले, खूप वेळ. मी घड्याळ घेतलं. मी वाढताना अण्णा माझ्या हाताकडे बघायचे आणि म्हणायचे, आक्का, छान दिसतं गं. त्यांना ठाऊक होतं की नाही ते मला आजही कळलेलं नाही. पस्तीसहून जास्त वर्षं झाली. त्यांना विचारायचा धीर मला झालेला नाही.

म्हणून काल माझा जीव एवढा खालीवर झाला. तू गेलास हे ऐकून नाही रे, तसाच गेलास हे ऐकून.

जास्त बोलले असेन. रागावू नकोस. पोलीस व्हायचं तर अंगमेहनतीची सवय हवी, हे तू म्हणतोस ते मला पटतं. स्वस्तात जायचं तर त्याचीही वाट आहे, चांगली वाट आहे. इथून घोटी, घोटीहून कसारा आणि कसाऱ्याहून लोकल. ती तिथूनच सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळते. नाहीतर सातच्या सुमाराला नाशिकरोडहून पंचवटी. दहाच्या आसपास दादरला सोडते. पासवाल्यांची गर्दी असते, म्हणून बैठकीचं आरक्षण आधीच करून ठेव. पण काही झालं तरी आदल्या दिवशी सकाळीच निघ. तुमच्या कागदावर पहाटे पाचची वेळ असते आणि त्या वेळी पोचवणारी सोयीची गाडी नसते, म्हणून तुम्ही पोरं रात्रीचं काहीतरी करता, हे माझ्या लक्षात आलंय. दुपारी पोच, मैदान एकदा चालून बघ, वरणभात खा आणि आठला आडवा हो.

कुठे, ते मी ठरवलंय. नायगावला, बीडीडी चाळीत, नानांच्या मुलाकडे. आता नाक मुरडू नकोस. बांधावरून काय झालं, अण्णा त्याच्या लग्नाला का गेले नाहीत, सगळं मला माहीत आहे, त्यातलं निम्मं माझ्यासमोर झालंय. तरी आज दुपारी मीच फोन केला. नऊ वर्षांनी. तो आधी गप्प राहिला. मग म्हणाला, आक्के, पोराला पाठव, खोली एकच आहे पण त्याला पंख्याखालची जागा देतो. मैदान त्यांच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. त्याची बायको तुला पहाटे चहा करून देणार आहे, मी न सांगताच ती म्हणाली. मला पुढे बोलता आलं नाही. अण्णांना मी सांगेन, ते माझ्यावर सोड.

या पाकिटात हजार रुपये आहेत. परत द्यायचे नाहीत आणि त्यातून बूटही घ्यायचे नाहीत. हे जाण्यायेण्याचे आणि जेवायचे आहेत. तुझ्याबरोबर नाशिकरोडपर्यंत मी येणार आहे. मला एसटीला अर्धंच तिकीट पडतं, तेव्हा नको म्हणू नकोस. गाडीत बसवून परत येईन, मैदानापर्यंत मागे लागणार नाही. मित्रांसमोर तुला अवघडल्यासारखं होतं ते मला कळतं.

निकाल काय लागेल तो लागेल. त्या दिवशी अण्णा विहिरीवर होते तेव्हा मी त्यांना हाक मारायला हवी होती. तुला मारेन. कसाही आलास तरी पोळी गरम करून ठेवेन आणि काही विचारणार नाही.

फक्त पोचलास की त्या रात्री एक फोन कर. धावण्याचं नको, गोळ्याचं नको. कुठे झोपतोयस तेवढं सांग.

तुझी
आत्या

ता. क. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दूधवाल्यांच्या मुलाकडेच दिली आहे. चटणीत लसूण कमी घातलाय, पळायच्या आधी तुला जळजळतं म्हणून. दशम्या तिसऱ्या दिवसापर्यंत टिकतात, सगळ्या मित्रांना वाटून टाकू नकोस. पण त्या दोघांना दे. तेही पुलाखालीच झोपले होते ना?