किरणोपचारापूर्वी विचारावयाचा प्रश्न

एरंडोल हे जळगाव-धुळे महामार्गावरील तालुक्याचे गाव. या तालुक्यातील एखाद्या तरुणीस गर्भाशयमुखाचा किंवा गुदाशयाचा कर्करोग झाल्याचे निदान होते, तेव्हा घरच्या मंडळींपुढे एकच चिंता उभी राहते : जीव वाचेल ना? ही चिंता रास्तच आहे. परंतु बरे झालेल्या तरुणीपुढे अनेक वर्षांचे आयुष्य असते. ते कसे जाईल, हे बऱ्याच अंशी किरणोपचारापूर्वीच्या थोड्या दिवसांत ठरते.

बीजांडकोशांवरील परिणाम

स्त्रीच्या बीजांडकोशांतील स्त्रीबीजांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो. तो पुन्हा भरून येत नाही. ही बीजे किरणांच्या बाबतीत फार नाजूक असतात. सुमारे २ ग्रे इतक्या अल्प मात्रेनेही त्यांतील निम्मी नष्ट होतात. विसाव्या वर्षी सुमारे १६ व तिसाव्या वर्षी सुमारे १४ ग्रे मात्रा मिळाल्यास बीजांडकोश बहुधा कायमचे निकामी होतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरून दिली जाणारी मात्रा साधारणतः ४५ ते ५० ग्रे असते. परिणामी ऐन तारुण्यात पाळी थांबते, अंगाची आग होते, हाडे ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

बीजांडकोशांचे स्थानांतर

यावर एक उपाय १९५८ पासून वैद्यकीय साहित्यात नोंदलेला आहे. बीजांडकोश त्यांच्या रक्तवाहिन्यांसह मोकळे करून कमरेच्या हाडाच्या कडेच्या वर, पोटाच्या बाजूस नेऊन टाके घालून बसवितात आणि खुणेसाठी धातूच्या चिमट्या लावतात. त्यामुळे ते किरणक्षेत्राबाहेर राहतात. आता ही शस्त्रक्रिया बहुधा दुर्बिणीद्वारे होते व लवकरच किरणोपचार सुरू करता येतात.

या उपायालाही मर्यादा आहेत. बीजांडकोशांत रोग पसरण्याचा संभव असल्यास तो करीत नाहीत. चाळिशीनंतर त्याचा लाभ कमी होतो. रक्तपुरवठ्यातील अडथळ्यामुळे किंवा विखुरलेल्या किरणांमुळे काही वेळा यश येत नाही. औषधोपचारांपासून होणारी हानीही त्याने टळत नाही. शिवाय गर्भाशय किरणक्षेत्रातच असल्यास बीजांडकोश वाचूनही गर्भधारणा सहसा शक्य होत नाही. संप्रेरकांचा लाभ मात्र टिकतो. अपत्याची इच्छा असल्यास स्त्रीबीजे गोठवून ठेवता येतात. त्यास साधारण दोन आठवडे लागतात. तेवढा अवधी रोग देईल काय, हे तज्ज्ञांनीच ठरवावयाचे असते.

गावपातळीवरील कर्तव्य

मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय १९८२ पासून कार्यरत आहे. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. कोणता खर्च त्यात बसतो, याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे प्रथमच करावी.

गावातील शिक्षिका, आशा कार्यकर्ती व पंचायत सदस्या यांनी रुग्ण तरुणीला एक प्रश्न आवर्जून विचारण्यास सांगावे : ‘किरणोपचारांपूर्वी माझे बीजांडकोश वाचविता येतील काय?’ संकोचामुळे हा प्रश्न मनातच राहतो आणि किरणोपचार सुरू झाल्यावर तो विचारून फारसा उपयोग नसतो. अविवाहित मुलीच्या बाबतीत तर ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने घरचेच गप्प बसतात. ही भीती दूर करणे गावातील जाणत्या मंडळींच्या हाती आहे. मात्र या विचारापायी मूळ उपचार लांबणीवर पडू नयेत, याचीही दक्षता घ्यावी. उत्तर काहीही मिळो, ते रुग्णाला वेळेवर मिळाले पाहिजे.