गाव आपले केव्हा होते?
(बऱ्हाणपूरचे आद्य वसाहतकार आणि त्यांची थडगी)



अमेरिकेतील आद्य वसाहतकारांची हकीगत तुम्ही इतिहासाच्या तासाला ऐकली असेल. १०२ प्रवाशांना घेऊन निघालेले 'मेफ्लॉवर' जहाज १६२० च्या डिसेंबरात प्लिमथला पोहोचले. थंडी, उपासमार व रोगराई यांमुळे वसंत ऋतू येईपर्यंत त्यांतील जवळजवळ निम्मे लोक दगावले. समुद्रालगतच्या टेकडीवर त्यांना पुरण्यात आले. १६२१ च्या एप्रिलात जहाज इंग्लंडला परत निघाले. परंतु जगलेल्या वसाहतकारांपैकी एकही त्यात चढला नाही.

अशीच एक कथा आपल्या तापीकाठी घडली आहे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिरोजशहा तुघलकाने मलिक राजा फारुकी यास थाळनेरची जहागीर दिली. थाळनेर हे तापीच्याच काठी, पण पुष्कळ खाली, आजच्या धुळे जिल्ह्यात आहे. १३९९ मध्ये मलिक राजा वारला. त्याचा मुलगा नसीरखान याने आसा अहिराकडून असीरगड घेतला. डोल्यांतून स्त्रिया येत आहेत असे भासवून त्याने गडावर शिपाई घुसविले, अशी कथा सांगतात. पुढे संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने त्याने बऱ्हाणपूर वसविले. तेव्हा वसाहत म्हणजे ओसाड रानात घर बांधणे नव्हे. तेथे आधीचे लोक असतात, हे अमेरिकेत जसे खरे तसेच येथेही.

आता एक गोष्ट लक्षपूर्वक पाहा. १४३७ मध्ये नसीरखान मरण पावला. ज्याने हे शहर वसविले, त्याचे थडगे या शहरात नाही! त्याचा देह थाळनेरला नेऊन पित्याच्या शेजारी पुरण्यात आला. त्याच्या मागून आलेले दोघे राजेही थाळनेरलाच विसावले. राज्य बऱ्हाणपुरी, पण शेवटची जागा जुन्या गावी!

सोळाव्या शतकाच्या उंबरठ्यावर दुसरा आदिलखान वारला. आपणांस बऱ्हाणपुरातच, राजवाड्याजवळ पुरावे, अशी त्याची इच्छा होती, आणि ती पाळली गेली. शहर वसून शंभर वर्षे झाली होती. माझ्या मते बऱ्हाणपूर फारुकींचे खरे गाव झाले ते त्या दिवशी.

पुढचा पुरावा दगडावर आहे. राजा अलीखानाने बांधलेल्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर शके १५११ चा, म्हणजे १५९० चा, संस्कृत लेखही आहे. त्यात फारुकी राजांची वंशावळ दिली आहे. ज्यांचे पूर्वज बाहेरून आले, ते आपल्या वाडवडिलांची नावे या देशाच्या जुन्या भाषेत कोरू लागले होते. हाच राजा १५९७ मध्ये गोदावरीकाठी मोगलांच्या बाजूने लढताना पडला, आणि त्याचा देह बऱ्हाणपूरला आणण्यात आला, थाळनेरला नव्हे.

याच्या उलट उदाहरणही येथेच आहे. १६३१ च्या जूनमध्ये मुमताजमहल बऱ्हाणपुरी निवर्तली. पलीकडच्या तीरावर, झैनाबादच्या आहुखान्यात तिला तात्पुरते पुरले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिचा देह आग्र्याकडे रवाना झाला. मोगलांना हे शहर मुक्कामाचे होते, घराचे नव्हे.

मी कोकणी बोलणारा, समुद्रकाठचा. 'गुरुजी, आपले गाव कोणते?' असे येथे कोणी विचारले, की अजूनही माझ्या ओठी कोकणातल्या गावाचे नाव येते. तुमच्यापैकी कित्येकांचे आजे-पणजेही कोठून ना कोठून येथे आले असतील. म्हणून या थडग्यांकडे मी परक्याच्या नजरेने पाहू शकत नाही. मागे सहलीत एका मकबऱ्याच्या भिंतीवर खिळ्याने कोरलेली ताजी नावे पाहून मन खिन्न झाले. ज्या भिंतीवर आपण नाव ओरखडतो, ती कोणाच्या तरी घरच्या माणसाची उशी आहे, याचा विसर पडू नये.

या सुटीत एवढे करा: घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, आपले कुटुंब या गावी केव्हा व कोठून आले, आणि आपल्यातील पहिले कोण याच मातीला मिळाले. ते वहीत टिपून ठेवा. गावाच्या इतिहासाचे ते तुमचे पहिले पान होईल.