काचेमागचे चित्र

भिंतीवर टांगलेले काचचित्र पाहिले, की कागदावर चित्र काढून त्यावर काच बसविली असावी, असे प्रथम वाटते. वस्तुतः तेथे कागद नसतोच. चित्र काचेच्या पाठीवर रंगविलेले असते आणि आपण ते काचेतून पाहतो. जी काच चित्राची भूमी, तीच त्याचे कवच! म्हणूनच वर्षानुवर्षांची धूळ पुसून काढताच रंग पुन्हा पूर्वीसारखे झळकू लागतात.

अठराव्या शतकात चीनमधील कँटन बंदरात ही कला भरभराटीस आली होती. व्यापारी जहाजांबरोबर ती पश्चिम भारतात पोचली आणि येथील चित्रकारांनी ती आपलीशी केली. काचेवर देवदेवता व राजेरजवाडे अवतरले. पुढे रंगीत छपाईचे युग आले. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासारख्या छापखान्यांतून तसबिरी घरोघर जाऊ लागल्या आणि हातांनी रंगविलेली काचचित्रे हळूहळू मागे पडली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाच्या संग्रहात अशी जुनी काचचित्रे आहेत.

ही कला घरच्या घरी, अल्प खर्चात साधता येते. जुन्या तसबिरीची काच, दोन बारीक कुंचले आणि तैलरंगाच्या लहान डब्या एवढे साहित्य पुरे. काचेच्या कडा धारदार असतात; म्हणून ती वडीलधाऱ्या माणसांकडून साबणाच्या पाण्याने धुऊन घ्यावी व कोरडी झाल्यावर कडांना चिकटपट्टी लावावी. काचेवर बोटांचा तेलकटपणा राहिला, तर रंग नीट धरत नाही. मग कागदावरील रेखाचित्र काचेखाली ठेवून काळ्या रंगाने त्याच्या रेषा गिरवाव्यात.

येथेच पहिली फसगत होते. डाव्या सोंडेचा गणपती गिरवावा आणि काच उलटून पाहावी, तो गणपती उजव्या सोंडेचा झालेला! काचेच्या पाठीवर काढलेले सारे समोरून उलटे दिसते. यासाठी मूळ रेखाचित्रच उलटे काढावे. अक्षरेही उलटी लिहावीत.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. कागदावर आपण आधी आकाश रंगवितो, मग झाड, मग पक्षी आणि अखेरीस त्या पक्ष्याचा डोळा. काचेवर हा क्रम बरोबर उलट असतो. प्रथम डोळा, तो वाळला की पक्षी, मग झाड आणि सर्वांत शेवटी आकाश. डोळा द्यावयाचा राहिला आणि पिसांचा रंग चढला, तर पक्षी कायमचा आंधळा! नंतर दिलेला ठिपका पिसांच्या मागे दडतो. सगळा रंग खरवडून काढण्यावाचून मग गत्यंतर उरत नाही.

दागिन्यांची जागा कोरी ठेवून तिच्यामागे चॉकलेटावरचा चुरगळलेला रुपेरी कागद लावला, तर ते लखलखतात. रंग पूर्ण वाळल्यावर पाठीमागे पुठ्ठा लावून चौकट बसवावी व चित्र ओलीपासून दूर टांगावे. काच रंग शोषून घेत नाही. त्यामुळे दमट हवेत त्याचे पोपडे सुटतात.

काचेवर झालेली चूक वरून रंग देऊन झाकता येत नाही. म्हणून काचेवर रंगविणाऱ्याने पहिला ठिपका देण्यापूर्वीच संपूर्ण चित्र मनात पाहिलेले असले पाहिजे. हाताला वळण लावणाऱ्या कला पुष्कळ आहेत. ही कला हाताआधी विचाराला वळण लावते.