बाळ अचानक किरकिर करू लागले तर

काल हसणारे दोन महिन्यांचे बाळ आज संध्याकाळपासून रडते, खाली ठेवू देत नाही. घरात लगेच ‘दृष्ट लागली’ म्हणतात. मीठ-मोहऱ्या ओवाळत बसू नका. बाळाला नीट तपासा.

भूक, ओले लंगोट, उकाडा, घट्ट कपडे पाहा. कपडे काढून हातापायाच्या बोटांना केस किंवा दोरा गुंडाळला आहे का, तेही बघा. काही सापडले नाही, तर अंगावर पाजा, ढेकर काढा, छातीशी धरून फिरवा. दीड महिन्याच्या सुमारास रडणे सर्वांत जास्त असते. तीन-चार महिन्यांत कमी होते.

गुटी, मध, साखरपाणी देऊ नका. सहा महिने फक्त आईचे दूध. कितीही वैतागलात तरी बाळाला गदागदा हलवू नका. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. त्याला सुरक्षित जागी उताणे ठेवून दोन मिनिटे बाजूला व्हा किंवा घरातल्या दुसऱ्याकडे द्या. बाळाला सांभाळणे बापाचेही काम आहे.

तीन महिन्यांच्या आतील बाळाला 100.4 अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप, दूध न ओढणे, हिरवी उलटी, शीत रक्त, झटके, फुगलेली टाळू, धाप यांपैकी काहीही दिसले, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा, दवाखाना गाठा.